पिस्तुलाची घडणावळ

दिवाळी सरली की कारभारी मुकादमाचं गाव लग्न लागून गेलेल्या मांडवासारखं होतं. खांब उभे, माणूस नाही. ट्रक भरभरून लोक ऊसतोडीला जातात. बायकापोरं, शेळ्या, कोंबड्या, सगळं घेऊन जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, आणि त्यांच्यावर भुंकून भुंकून कंटाळलेली कुत्री. गाव पाथर्डीच्या अंगाला, डोंगराच्या पायाशी. कारभारीची वस्ती त्या गावापासूनही बाजूला. म्हणजे ओसाडातलं ओसाड.

एकेकाळी हे ट्रक कारभारीच भरायचा. कारखान्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे आणायचे, ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्यांना वाटायचे आणि टोळी घेऊन बेलापूरच्या बाजूला उसात उतरायचं. जवळ रोकड असायची म्हणून त्यानं पिस्तुलाचं लायसन काढलं. पिस्तूल नगरच्या एका रिटायर साहेबाकडून रीतसर नावावर करून घेतलेलं. परदेशी, जुनं, काळं कुळकुळीत. ज्या कंपनीनं ते बनवलं ती कंपनी कधीच मातीत गेली होती. इतक्या वर्षांत त्यातून एकच बार निघाला. वस्तीवर बिबट्या आला म्हणून कारभारीनं आभाळात गोळी झाडली. बिबट्या राहिला बाजूला, भावकीतल्या सहादूची म्हैस दावं तोडून पळाली, आणि अख्खी वस्ती कंदील घेऊन म्हशीमागं. बिबट्या बांधावर बसून ती मजा बघत होता, असं लोक अजून सांगतात. तेव्हा सांगणारे होते, आता ते पण उसात.

आता टोळी नाही. हार्वेस्टर आलं, जोड्यांनी नवे मुकादम धरले. बायको लंकाबाई मागच्या उन्हाळ्यात गेली. पोरगा कल्याण चाकणला कंपनीत. मोबाईल आहे, पण तो वाजतो कर्ज घ्या म्हणणाऱ्या बाईचा. पहिल्या पहिल्यांदा कारभारी तिच्याशी पण बोलायचा. "जेवलीस का बाई? गाव कोणतं तुझं?" बाई आपली व्याजाचा दरच सांगत सुटायची. ती टेप केलेली बाई आहे हे त्याला कळलं तेव्हा त्याला राग आला नाही. लोकांना गंडवण्यात हयात गेलेला माणूस, पण एका टेपनं त्याला गंडवला, याचं त्याला कौतुकच वाटलं.

मग मुकादमकी गेली, रोकड गेली, पिस्तूल कशाला ठेवलं? तर निवडणुकीसाठी.

उभा राहायला नव्हे हो. आचारसंहिता लागली की तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून लायसनवाल्यांना फोन जायचे. "हत्यार जमा करा." लोक वैतागायचे. कारभारीला मात्र तो फोन म्हणजे लग्नाची अक्षत. कोणीतरी त्याचं पूर्ण नाव घेऊन, बापाच्या नावासकट, "या" म्हणतंय. इस्त्रीचा सदरा घालून तो सकाळीच हजर व्हायचा. ठाण्याच्या ओट्यावर तालुक्यातले सगळे पिस्तूलवाले, बंदूकवाले जमलेले. चहाच्या फेऱ्या, जुनी भांडणं, नवी थट्टा. एकदा त्यानं चामड्याच्या म्यानात पिस्तुलाऐवजी भरताचं वांगं घालून दिलं. हवालदारानं "एक नग" लिहिलं आणि म्यान उघडलं. ठाणं असं हसलं की कोठडीतला चोर विचारायला लागला, काय झालं काय झालं. साहेबांनी कारभारीला तासभर उभा केला. त्या तासाची सर त्याच्या आयुष्यात दुसऱ्या कशाला नव्हती.

ग्रामपंचायत, झेडपी, आमदारकी, खासदारकी. कोणी म्हणायचं, किती या निवडणुका! कारभारी म्हणायचा, अजून दोन-चार काढा की.

घोळ झाला तो दसऱ्याला.

शस्त्राची पूजा दर दसऱ्याला लंकाबाई करायची. विळा, कोयता, कुऱ्हाड आणि पिस्तूल पाटावर मांडायची. कारभारी मागं उभा राहून टिंगल करायचा. "पिस्तुलाला साडी नेसव, लई उघडं दिसतंय." ती काय करते, किती करते, हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. तिच्यामागचा हा पहिला दसरा. घरात एकटाच. पाट मांडला, आणि त्याला वाटलं, कमी पडायला नको. म्हणून त्यानं हळद ओतली, कुंकू ओतलं, अक्षता मूठभर टाकल्या, नारळ फोडून त्याचं पाणी पिस्तुलावर धारेनं सोडलं. वर झेंडूचा हार. इतकी पूजा पाहून खुद्द देव पण दचकला असेल. मग ते सगळं तसंच पाटावर ठेवून तो ओट्यावर येऊन बसला. सोनं द्यायला कोणी येईल म्हणून आपट्याची पानं घेऊन बसला. संध्याकाळ झाली, पानं सुकली, तो आत येऊन झोपला. पाट उचलायचा राहिला, तो दिवाळीपर्यंत राहिला.

झेडपीची निवडणूक येणार अशी हवा सुटली तसं त्यानं पिस्तूल साफ करायला घेतलं. वरचा सरकता भाग मागं ओढला तर हलेना. नारळाचं पाणी वाळून आत गूळ झालेला. त्यानं रॉकेल ओतलं. हलेना. मग ट्रॅक्टरचा पान्हा आणला आणि दोन ठेवून दिले. मुठीची फळी तडकली, बाकी जागचं काही हललं नाही.

ठाण्यात हत्यार उघडून, रिकामं आहे हे दाखवूनच जमा करावं लागतं. वर लायसनची मुदत पण संपत आलेली. बंद पडलेलं हत्यार दिसलं की साहेब म्हणणार, मोडीत काढा, लायसन परत करा. लायसन गेलं की यादीतलं नाव गेलं. नाव गेलं की फोन गेला. मग त्याला नावानं हाक मारणारं या तालुक्यात कोण उरणार होतं?

लायसन खिशात, पिस्तूल कापडी पिशवीत, वर दोन मेथीच्या जुड्या, असा तो एसटीनं नगरला आणि तिथून भिंगारला गेला.

भिंगारच्या जुन्या बाजारात सहादेव मिस्त्रीचं दुकान. माणूस लष्कराच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला, बंदुका दुरुस्तीचं लायसन भिंतीला टांगलेलं. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की मिस्त्रीला पोट आत घ्यावं लागायचं. कारभारीनं आपलं नाव सांगत लायसन आणि पिस्तूल टेबलावर ठेवलं.

"काय झालंय?"

"अडकलंय."

"कशानं?"

कारभारी जरा घुटमळला. "हवेनं."

सहादेवनं भिंगाचा चष्मा लावला. सुईनं फटीत खरवडलं. टेबलावर लाल-पिवळा भुगा पडला आणि त्यात एक तांदूळ.

"हवेत तांदूळ असतो का तुमच्याकडं?"

"दसऱ्याची पूजा केली."

"पूजा मी बी करतो. वरून बोट टेकवायचं असतं कुंकवाचं. तुमी अभिषेक घातला काय?"

"नारळाचं पानी गेलं आसंल थोडं."

"थोडं?"

"एका नारळाचं."

"मुकादम, हे पिस्तूल हाय का म्हादेवाची पिंड?" सहादेवनं पिस्तूल फिरवलं. "आन हितं हे काय? गाढवानं लाथ मारल्यागत?"

"पान्हा."

सहादेवनं चष्मा काढून ठेवला. डॉक्टर नातेवाईकांना बाहेर बोलावतात ना, तसा चेहरा केला.

"किती लागतील?" कारभारी खिशात हात घालत म्हणाला. "पाच-सहाशे?"

"बेचाळीस हजार."

कारभारी हसला. हसता हसता त्यानं सहादेवच्या तोंडाकडं निरखून पाहिलं. जन्मभर दुसऱ्यांना बनवलेला माणूस. समोरच्यानं हसू गालात लपवलंय का डोळ्यात, ते त्याला बरोबर कळायचं. सहादेवच्या तोंडावर ते कुठंच सापडेना, तसा कारभारीचा स्वतःचा हसरा जबडा हळूहळू मिटला.

"बेचाळीस हजारात दुभती म्हैस येती, मिस्त्री."

"येती की. पन म्हशीला पान्ह्यानं हाणली तर तिचे पार्ट मला घडवाय लागत न्हाईत."

"पार्ट बाजारातनं आन ना."

"कुठल्या बाजारातनं? ही कंपनी बुडाली तवा माझा बाप चड्डीत हुता. आतली पिन गंजून गेली, ती पोलादाच्या कांबीतनं कानशीनं काढायची. स्प्रिंगा दोन्ही हातानं वळायच्या. ही मूठ शिसवीतनं कोरायची. एक पार्ट तीनदा करावा तवा एकदा बसतो. त्यात तुमचा हा नग एकच. दुसरं गिऱ्हाईक यायचं न्हाई की चला, उरलेली स्प्रिंग त्याला लावू."

"सोनाराची घडनावळ परवडली की रं मग."

"सोनाराकडं जावा. कानातलं करून देईल याचं."

कारभारीनं मुकादमकीतली सगळी घासाघीस बाहेर काढली. निम्मे म्हणाला. मूठ सोडून बाकीचं कर म्हणाला. त्यावर सहादेव म्हणाला, "आन धरनार कुठं, शेपटीला?" एकदा तर कारभारी पिशवी उचलून पार रस्त्यापर्यंत गेला, आता मागून हाक येईल म्हणून चपलेचा अंगठा नीट करत बसला. हाक आली नाही. तो आपल्या पायानं परत आला.

"मेथी राहिली," असं म्हणाला. मेथी पिशवीतच होती.

सहादेवनं काही दाखवलं नाही. डब्यातून मेणाचा गोळा काढून कोळशाच्या शेगडीवर मऊ करायला लागला. "हात द्या. उजवा."

"कशाला?"

"मूठ नवी करायचीच हाय तर तुमच्या हाताची करू. दोन बोटं मिटत न्हाईत तुमची, मघाच बघितलं म्या. कोयता लागला का?"

"कोयता."

सहादेवनं त्याचा तळहात उताणा घेतला. बोटं एक एक उलगडली, मेण मुठीत दिलं आणि वरून आपली मूठ आवळली. "दाबून धरा. सोडू नका."

"किती येळ?"

"मी सांगतो."

बाजारातून एक टेम्पो गेला, लष्कराची गाडी गेली. सहादेवचा हात खरखरीत होता, तेलकट, आणि ऊबदार. लंकाबाईच्या दहाव्याला लोकांनी कारभारीचा हात हातात घेतला होता, पण तो कसा, घेतला न घेतला करून पुढं सरकायचं, रांग असते मागं. त्यानंतर या हाताला कोणाचा हात लागला नव्हता. दुकानदार पण सुट्टे पैसे काउंटरवर ठेवतात.

"झालं," सहादेव म्हणाला.

"नीट उठलं का? न्हाईतर परत घे. मला घाई न्हाई."

"झकास उठलंय."

"बोटं हलली का काय, मला वाटलं."

सहादेवनं एकदा त्याच्याकडं पाहिलं, मेण बाजूला ठेवलं आणि लायसनचे आकडे टिपून पावती फाडली.

त्याच दिवशी संध्याकाळी त्यानं कल्याणला फोन लावला. पोराचं म्हणणं सरळ होतं, आणि त्याचं चुकलं असं कोणी म्हणणार नाही.

"अण्णा, बेचाळीस हजार? डोकं फिरलं का तुमचं? कायमचं जमा करून टाका ते. चालवायचंय कुणावर?"

"तुज्यावर."

कल्याण हसला नाही. मागं यंत्रांचा आवाज येत होता. "अण्णा, लाईन चालू हाय. रविवारी बोलू."

रविवार आला आणि गेला. कोणता रविवार ते पोरानं सांगितलंच नव्हतं म्हणा.

वस्तीवर मुकादमकीतला ट्रेलर गंजत उभा होता. कारभारीनं तो हनुमंतला विकला. हनुमंत म्हणजे नवा मुकादम, कारभारीच्याच जोड्या घेऊन उसाला गेलेला. तो स्वतः आला पण नाही, क्रेनवाल्याला पाठवलं आणि पैसे मोबाईलवर. ट्रेलर गेला तिथं जमिनीत दोन चाकांचे खोलगट खड्डे उरले, त्यात कुत्री येऊन बसायला लागली. कारभारीला तेवढीच सोबत.

सांगितल्या तारखेला नाही, त्यानंतर बऱ्याच दिवसांनी पिस्तूल हातात आलं. पण काय आलं! वरचा भाग लोण्यातून सुरी फिरावी तसा मागं जायचा. शिसवाची मूठ काळपट तांबूस, आणि न मिटणाऱ्या दोन बोटांसाठी मुद्दाम उथळ खोबणी. कारभारीनं ते धरलं आणि सहादेवकडं बघून नुसतीच मान हलवली. शिव्या देण्यासारखं काहीच सापडेना म्हणून त्याला वाईट वाटलं.

"आता नारळ लांब ठेवा," सहादेव म्हणाला.

एसटीत त्याला ते कोणाला तरी दाखवावंसं फार वाटत होतं. पण एसटीत पिस्तूल बाहेर काढलं तर बघायला माणसं थांबतील थोडीच.

झेडपीची आचारसंहिता लागली. चावडीवर पत्रकं चिकटली, भोंग्याची जीप फिरून गेली. कारभारीनं सदरा इस्त्री करून आणला. मोबाईल चार्जिंगला लावून पुढ्यात ठेवला. परसाकडं जाताना तो बरोबर घेऊन जायला लागला. फोन वाजला की तो झडप घालायचा, आणि पलीकडं व्याजाचा दर. एकदा त्यानं स्वतःच गावातल्या किराणा दुकानदाराला सांगितलं, "जरा माझा नंबर लावून बघ बरं, लागतो का." लागत होता. दुकानात उभ्या उभ्याच त्याच्या खिशात वाजला.

शेवटी बोलावणं न येताच वरातीला निघावं तसा तो निघाला.

ठाण्याचा ओटा त्याला ओळखू येईना. एरवी जत्रा भरायची, आज चार-पाच जण. एकदम कडक पांढऱ्या कपड्यातले, गळ्यात साखळ्या, बाहेर त्यांच्या काळ्या गाड्या. त्यांच्यात ओंकारशेठ म्हणून एक होता, मारामारीच्या केसेसनी तालुक्यात गाजलेला. प्रत्येक जण मोबाईलमध्ये. चहा आलेला, पण गार होत होता.

हत्यारांच्या टेबलावर रश्मी मॅडम. हवालदार होती, बोलायला रोखठोक, पण वांग्याची गोष्ट तिला पण माहीत होती, जुन्यांनी सांगितलेली.

"अण्णा? तुमी कसे काय? फोन गेला का तुमाला?"

"न्हाई गेला, म्हनून तर आलो. म्हनलं चूक झाली आसंल. चूक काय, कुनाकडनं बी हुती."

रश्मीनं कागद चाळला. "चूक न्हाई. औंदा समिती बसली हुती. सरसकट जमा करायचं न्हाई. ज्याच्यापासनं धोका हाय त्यानंच जमा करायचं. तुमचं नाव कमी केलंय. ठेवा घरीच. चांगलं झालं की, हेलपाटा वाचला."

कारभारी उभाच. "म्हंजे माझ्यापासनं धोका न्हाई?"

"न्हाई."

"कुनी ठरवलं?"

"साहेबांनी."

"साहेबाला मी ठावका तरी हाय का?"

"न्हाई ना. धोकावाले सगळे ठावके आसतात."

ओंकारशेठ मोबाईलमधून वर न बघता फिस्सकन हसला. कारभारीला ते हसू आपल्यावरचं असलं तरी गोड लागलं. तो उत्साहानं टेबलावर वाकला.

"मॅडम, लिवून घ्या. धोका हाय माझ्यापासनं."

"कुनाला?"

"भावकीतल्या सहादूला. त्यानं माझा बांध कोरलाय."

"सहादूबाबा वारले की अण्णा. दोन वर्सं झाली. तुमीच तर सांगितलं हुतं मागल्या टायमाला."

"व्हय." कारभारीनं डोकं खाजवलं. "मंग हनुमंतला. माझ्या जोड्या पळवल्या त्यानं."

"कुठं हाय हनुमंत?"

"कर्नाटकात. उसात."

"मंग तुमी गोळी घालाय कर्नाटकात जानार? एसटीनं?"

"गावात कुनालातरी धरा ना! ती गोजरबाई, कोंबड्यांवरनं भांडायची माझ्याशी रोज."

"हाय का ती गावात?"

गोजरबाई पोराकडं पुण्याला गेली होती, आषाढातच. कोंबड्या वाटून टाकल्या होत्या तिनं. दोन कारभारीलाच दिल्या होत्या. मनातल्या मनात तो एक एक घर घेत वस्तीभर फिरला, गावभर फिरला. उचल घेऊन पळालेले, तोंडावर शिव्या दिलेले, त्याच्या खोडीला बळी पडून महिनाभर तोंड न बघितलेले. भांडायला एक माणूस मिळेना. मित्र संपतात हे त्यानं धरलेलंच होतं. वैरी पण संपतील हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"पोरगा?" रश्मीनं हलकेच विचारलं.

"त्येला येळ न्हाई."

ती पेन हातात फिरवत बसली. मग कारभारीचा चेहरा एकदम उजळला. "हाय! एक हाय! सहादेव मिस्त्री, भिंगारचा. बेचाळीस हजार घेतले मेल्यानं ह्याची मूठ बसवायला. दिवसाढवळ्या लुटलं. त्याचा जीव मी घेनार. लिवा."

"भिंगार आमच्या हद्दीत येत न्हाई, अण्णा."

आता खरंच काही उरलं नाही. कारभारीनं पिशवी काखेत मारली. रश्मीनं हाक मारली, "चहा तरी घेऊन जावा."

"नको. चहा जमा करनाऱ्यांचा आसतो."

इतक्या वर्षांत ठाण्याचा चहा त्यानं पहिल्यांदा नाकारला होता.

एसटी स्टँडवर बाकडं मोकळं होतं. ठाण्यातून निघताना कोणी थांबवेल म्हणून तो सावकाश चालला होता, त्यामुळं एक गाडी चुकली होती. पुढच्या गाडीला वेळ होता. त्यानं मोबाईल काढला आणि पावतीवरचा नंबर फिरवला.

"सहादेव, चोरा!"

"कोन बोलतंय?"

"ज्याला तू लुटलास तो."

"नाव सांगा राव. असे लई हायेत."

"कारभारी मुकादम!"

"हां, हां, मुकादम. अडकलं का परत?"

"न्हाई अडकलं. लोन्यावानी चालतंय."

"मंग?"

"मंग काय? मी तुला धमकी द्यायला फोन केलाय. बेचाळीस हजार घेतलेस. गोळी घालीन तुला."

"बरं."

"आरं बरं काय! घाबर!"

"घाबरलो."

"आता आसं कर. तुज्या ठान्यात जा. लेखी दे. कारभारी मुकादमापासनं माज्या जिवाला धोका हाय म्हनून. सही कर. आंगठा बी उठव."

मघापासून फोनमध्ये कानशीचा बारीक आवाज येत होता, तो थांबला. सहादेवनं कानस खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हंजे माझं दुकान बंद ठेवायचं, ठान्यात ताटकळायचं, लिवून द्यायचं, परत तुमच्या ठान्यापोतर ते पोचवायचं. सगळं हातानं?"

"मंग!"

"ह्याची घडनावळ येगळी पडंल, मुकादम."

कारभारी हसला. असा हसला की पोटात कळ आली, डोळ्यातून पाणी आलं, पिशवी मांडीवरून घसरली. लंकाबाई गेल्यापासून असा हसला नव्हता. कोणीतरी त्याला त्याच्याच हत्यारानं, बरोबर मोक्याला धरून पाडला होता. "किती? किती पडंल?" त्याला शब्द फुटेना. "बेचाळीसात बसव ना!"

"न्हाई बसत. बरं, थांबा, गिऱ्हाईक आलंय दारात. ठेवू का?"

"ठेव, ठेव."

फोन ठेवला गेला तरी कारभारी हसतच होता. बाजूला कोणाला तरी कोपर मारून "ऐकलं का, काय म्हनला?" असं म्हणायला त्याचा हात उचलला पण गेला. स्टँडवर झाडलोट करणारी बाई पार तिकडच्या टोकाला होती. भिंतीवर उमेदवारांचे फोटो हात जोडून उभे होते. हसू हळूहळू खाली बसलं.

गाडी आली. ऊसतोडीचे दिवस, गाडी जवळजवळ रिकामी. कंडक्टर आला, तसा कारभारी पुढं सरकून बसला.

"आरं ऐक, एक इनोद झाला आत्ता. भिंगारला एक मिस्त्री हाय..."

"आधार कार्ड?"

त्यानं कार्ड दाखवलं. कंडक्टरनं अर्ध्या तिकिटाचा कागद काढून हातात दिला.

"तर त्यो मिस्त्री मला काय म्हनला म्हाईत हाय का..."

कंडक्टर पुढच्या सीटकडं गेला. तिथं एक जण झोपला होता, त्याला उठवायला त्याला वेळ लागला. मग तो दारापाशी उभा राहून बाहेर बघायला लागला.

कारभारीनं मनात गोष्ट पहिल्यापासून जुळवली, कुठं थांबायचं, कुठं आवाज बारीक करायचा. नंतर तो खिडकीकडं सरकला, पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली. फाट्यावर गाडी थांबली. दार उघडलं, धूळ आत आली. कोणी चढलं नाही.

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली.